सावलीचा शनिवार

गेल्या वर्षी आमच्या शाळेच्या एका समारंभात, मी पहिल्या रांगेत बसलेलो असताना, एका वक्त्याने सवच्या ऊन पाण्याच्या कुंडावरच्या फोटोची गोष्ट सांगितली. गोष्टीत एक हट्टी मास्तर होता. त्याला माणसापेक्षा आपली वही प्यारी होती, आणि तिच्यातली एक ओळ खोडावी लागू नये म्हणून तो एका निरपराध गवळ्याला तुरुंगात पाठवायला निघाला होता. पुढे एका सज्जन कंपाउंडरने धीर करून सत्य सांगितले आणि गवळी सुटला. टाळ्या पडल्या. वक्त्याचा जन्म त्या घटनेनंतर वीस वर्षांनी झालेला. तो मास्तर मी. मी जागेवरून उठलो आणि म्हणालो की हे असे घडलेले नाही. अध्यक्षांनी हसून वेळ कमी असल्याचे सांगितले व मला बसवले. म्हणून हे लिहितो. वेळ मलाही कमीच आहे. पण कागदावर मला कोणी बसवू शकत नाही.

गोष्ट एकोणीसशे तिसाच्या पुढच्या दोन-तीन वर्षांतली. आम्ही तिघे मित्र होतो. मी महाडच्या इंग्रजी शाळेत असिस्टंट मास्तर. दुसरा बाजारपेठेतल्या कापडदुकानाचा धाकटा मालक. त्याला आम्ही शेट म्हणत असू. त्याच्या मुंबईच्या मामाने त्याला एक पेटीचा कॅमेरा दिला होता. तिसरा पोलादपूरच्या दवाखान्यातला कंपाउंडर. तो आमच्याहून पाच-सहा वर्षांनी लहान, पोलादपूरच्या वरच्या डोंगरातल्या एका वाडीचा. त्याच्या घरचे सगळे पुरुष मुंबईला गिरण्यांत होते. हा एकटाच शिकून मागे राहिला होता.

कॅमेरा एक आणि हौशी तीन. त्यातून तो खेळ निघाला. बिस्किटांच्या एका रिकाम्या डब्यात आम्ही विषयांच्या चिठ्ठ्या टाकल्या होत्या: ओझे, उंबरठा, धूर, हात, वळण, अशा. दर रविवारी सकाळी दुकानाच्या ओट्यावर एक चिठ्ठी निघे. पुढच्या आठवड्यात कॅमेरा तिघांकडे फिरे, आणि प्रत्येकाने त्या विषयावर एकच फोटो काढायचा. फिल्मवर आठ फोटो मावत. उरलेले घरगुती कामाला किंवा हात बसवायला. त्यापुढच्या रविवारी छापलेले फोटो समोर ठेवून तिघांनी एक निवडायचा. निवडलेला फोटो आठवडाभर गावच्या वाचनालयात टांगला जाई, खाली माझ्या अक्षरातले कार्ड: विषय, ठिकाण, वार, तारीख. लोक खास पाहायला येत. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. त्या कार्डाला गावात वजन होते, आणि पुढचे सारे त्या वजनामुळेच घडले.

नियम माझे होते. त्यातला पहिला असा की आधी विषय, मग फोटो. अगोदर काढून ठेवलेला फोटो मागाहून विषयाला चिकटवायचा नाही; ते पेपर फुटल्यावर लिहिलेल्या उत्तरासारखे होईल, असे मी म्हणत असे. प्रत्येक फोटोची नोंद मी वहीत करी आणि ज्याचा फोटो त्याची सही घेई. शेट या सहीला हसायचा.

"मास्तर, आपण खेळतोय की खरेदीखत करतोय?"

"खेळ आहे म्हणून तर," मी म्हणे. "खरेदीखताला निदान वकील असतो."

फिल्म धुण्याचे काम माझ्याकडे होते. दुकानामागच्या बिनखिडकीच्या कोठीत, कंदिलाला लाल कागद लावून, भर दुपारी मी ती धूत असे. रसायनांच्या पुड्या कंपाउंडर दवाखान्याच्या तराजूवर तोलून, औषधाच्या पुड्यांसारख्याच घडी घालून पाठवी. धुतलेली फिल्म मी कधी कापत नसे. सबंध लांब पट्टी वाळवायची, आणि तशीच कागदी नळीत गुंडाळून ठेवायची. दोघांनाही ही माझी खोड वाटे. फोटो छापून हातात आले की पट्टीकडे ते ढुंकून पाहत नसत.

होळीच्या अलीकडचा एक शनिवार. त्या दिवशी सकाळी शाळेची तपासणी होती. मी नवी फिल्म भरली आणि तपासणीसाहेबांसह उभ्या केलेल्या वर्गाचा पहिला फोटो काढला. शाळा सुटल्यावर कंपाउंडर भेटला. तो दवाखान्याची औषधे न्यायला महाडला आला होता.

"मास्तर, संध्याकाळच्या मोटारीला अजून वेळ आहे. सवला जाऊन पाय शेकून येतो. कॅमेरा देता का?"

"विषय उद्या निघायचाय. आज काढलेलं खेळात धरणार नाही."

"नका धरू. हात बसवतो जरा."

मी कॅमेरा दिला. संध्याकाळी मोटारस्टँडवर त्याने तो मला परत दिला आणि पोलादपूरला गेला.

रविवारी शेटच्या मुलीचे बारसे होते. शेटच्या सासुरवाडीची माणसे नाते गावाहून आली होती. घर बायकांनी भरले होते. शेटने पाळण्याचा फोटो काढला. त्यानंतर ओट्यावर चिठ्ठी निघाली: सावली. सोमवारी कॅमेरा कंपाउंडरकडे गेला, मग शेटकडे, मग माझ्याकडे. गुरुवारी मी फिल्म धुतली आणि वाळल्यावर खिडकीशी धरून पाहिली. पहिला फोटो वर्गाचा. दुसऱ्यात सवच्या कुंडाच्या काठावर एक माणूस बसलेला, पाय गुडघ्यापर्यंत गरम पाण्यात, काठी उभी धरलेली, आणि त्याची व काठीची लांब सावली दगडी पायऱ्यांवरून मोडत मोडत उतरलेली. तिसरा पाळण्याचा. चौथ्यात कुठलीशी पायरी आणि खांबाची सावली. पण कॅमेरा हलल्यामुळे सगळे पुसट. पुढचे शेटचे आणि माझे.

कुंडावरचा तो फोटो आमच्या खेळातला सर्वोत्तम होता. आजही मी तेच म्हणेन. पण तो शनिवारचा होता. पाळण्याच्या अगोदरचा होता. खेळात धरता येणार नव्हता.

रविवारी आम्ही ओट्यावर बसलो. छापलेले फोटो मी चटईवर मांडले. शेटने कुंडाचा फोटो उचलला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही.

"हा कुठला रे?"

"सवचा," कंपाउंडर म्हणाला. "मंगळवारी पुन्हा औषधं न्यायला आलो होतो ना, तेव्हाचा."

"आणि हा हललेला?"

"तो शनिवारचा. हात बसवत होतो."

दोन फोटोंचे वार त्याने बदलले होते, आणि ते इतक्या सहजपणे की शेटला शंकासुद्धा आली नाही. कापलेल्या कागदी फोटोंवरून क्रम कळत नाही. पट्टीवरून कळतो, हे त्याच्या ध्यानात आले नव्हते. पट्टी त्या वेळी माझ्या कोटाच्या खिशात होती. मी त्याच्याकडे पाहिले. मग वहीत लिहिले: सावली, सव, मंगळवार. वही त्याच्यापुढे सरकवली. त्याने सही केली. शेटने मत त्यालाच दिले, मीही दिले. दुपारी कार्ड लिहून फोटो वाचनालयात टांगला.

मी गप्प का बसलो, हे कोणी मला कधी विचारले नाही. आणि मी तेव्हा जाणत होतो हे आता कोणाच्या स्मरणातही नाही. महिन्याच्या अखेरीस वाचनालयात आम्ही वही वाचून दाखवत असू. पंधरावीस माणसे जमत. तिथे, सर्वांसमोर, ती पट्टी उजेडात धरून त्याला उघडा पाडायचा माझा बेत होता. खोटे त्याच्या तोंडचे, सही त्याची, आणि पुरावा माझ्या खिशात. मला त्याचा राग होता. तो नियमांना न जुमानता आमच्या दोघांहून चांगले फोटो काढी, आणि मला नियम पाळून तसा एकही साधला नव्हता. हे लिहायला मला साठ वर्षे लागली, पण लिहिले.

त्या शनिवारी तिसऱ्या प्रहरी पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या उतारावर, सरकारी राखीव कुरणाला आग लागली होती. आमच्याकडे वाळलेले गवत पेटवून दिले की चार सरींनंतर कोवळा फुटवा येतो, म्हणून असली आग लागली की वरच्या वाड्यांवरच्या गुरेवाल्यांवर संशय जातो. कुरणाच्या रखवालदाराने डोंगराच्या समोरच्या सोंडेवरून खांद्यावर घोंगडी आणि हातात काठी घेतलेला एक माणूस पळताना पाहिला. चराईवरून त्याचे ज्याच्याशी भांडण झाले होते, तोच तो असे त्याला वाटले. रखवालदार लबाड नव्हता. पण तेवढ्या अंतरावरून सगळ्यांच्या घोंगड्या सारख्याच दिसतात.

त्याने नाव घेतले ते एका म्हशीवाल्या गवळ्याचे. आमच्या रविवारच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, त्याला पकडून महाडला आणले आणि कोठडीत घातले. जामीन राहायला कोणी नव्हते. वाडीतले पुरुष मुंबईला. तो एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होता की त्या शनिवारी तो गुडघा शेकायला सवला गेला होता. तेव्हा कचेरीतल्या कोणाला तरी आठवले की या माणसाचा फोटो वाचनालयात टांगलेला आहे. फौजदार स्वतः पाहून आले. फोटो सवचाच होता आणि माणूसही तोच होता. पण खाली कार्डावर, स्वच्छ, वळणदार अक्षरात, वार लिहिलेला होता: मंगळवार. फौजदारांनी काढलेला अर्थ सरळ होता. आग लावून तीन दिवसांनी हा सवला गेला, आणि आता मंगळवारचे जाणे शनिवारच्या नावावर खपवतो आहे. ज्या फोटोने त्याला सोडवायचे, तोच त्याच्याविरुद्ध उभा राहिला. माझ्या अक्षरामुळे.

मला हे सोमवारी कळले नाही. आठवडाभर मी परीक्षेच्या कामात होतो. रविवारी ओट्यावर कोणी जमले नाही. दुपारी कंपाउंडर माझ्या घरी आला. पोलादपूरहून तो पहिल्या मोटारीने निघालेला होता, आणि घरी येण्यापूर्वी दोनदा दारावरून पुढे जाऊन परत फिरलेला मी खिडकीतून पाहिला होता.

"मास्तर, ती ओळ खोडा."

"कोणती?"

"तुम्हाला ठाऊक आहे कोणती."

"मला काय ठाऊक आहे ते राहू दे. तुला काय सांगायचंय ते सांग."

मग त्याने सगळे सांगितले. गवळी कोठडीत आहे, कोर्टाची तारीख शुक्रवारची आहे, फोटो शनिवारचा आहे, त्याने मला फसवले. बोलताना तो माझ्याकडे पाहत नव्हता; माझ्या टेबलावरच्या वहीकडे पाहत होता.

"सही कोणाची आहे खाली?"

"माझी. माझीच आहे हो. त्या हललेल्या फोटोची लाज वाटली मला. तीन आठवडे हरत होतो. आणखी काय सांगू?"

"काही नको."

"आमच्या वाडीला दूध घालतो तो. खाली आला की माझ्या आईच्या हातचा चहा पितो. वर बायको एकटी आहे, अकरा म्हशी. सहा महिने लागले तर ती काय करील? मी वाचनालयात जाऊन कार्ड फाडतो."

"फाड. मग फौजदार विचारतील, का फाडलंस?"

"म्हणून म्हणतो, वहीत दुरुस्त करा. तुमच्या अक्षराला ते मान देतात."

"वहीत खाडाखोड होणार नाही," मी म्हणालो.

आमच्या भिंतीपलीकडे बिऱ्हाड होते. हे वाक्य तिथून बाहेर पडले, आणि गावभर, आणि साठ वर्षे. शब्द माझे आहेत, मी नाकारत नाही. पण त्यांचा अर्थ लोकांनी लावला तो नव्हता. ताज्या शाईने खोडलेल्या ओळीला कोर्टात कवडीची किंमत नसती. मित्रांनी संगनमत करून दुरुस्ती केली, एवढेच फौजदार म्हणाले असते. पुरावा वहीत नव्हताच. तो पट्टीत होता, आणि पट्टीच्या बळावर हा माणूस सुटू शकतो हे मला त्या क्षणी, तो माझ्यासमोर उभा असताना, पूर्ण कळले होते.

मी त्याला ते सांगितले नाही. तो गेला.

मी घरी हात जोडून बसलो, असेही सांगतात. ते खोटे आहे. सोमवारी दुपारी शाळा सुटताच शेटला बरोबर घेऊन मी सवला गेलो. नदीपलीकडे होडीतून उतरलो तेव्हा साडेतीन झाले असतील. कुंडाच्या काठावर, फोटोत तो बसला आहे नेमक्या त्या दगडावर, मी शेटला बसवले आणि त्याच्या हातात तेवढ्याच लांबीची काठी उभी दिली.

"हे काय नाटक?" शेट म्हणाला. "लोक बघतायत, मास्तर. दुकानदार माणूस मी."

"हलू नकोस."

फोटोत काठीची सावली तिसऱ्या पायरीच्या फुटक्या कोपऱ्यावर टेकलेली होती. आम्ही वाट पाहिली. सावली सरकत सरकत त्या कोपऱ्यावर आली तेव्हा शेटच्या घड्याळात चारला पाच मिनिटे कमी होती. रखवालदाराने आग पाहिली तीही त्याच सुमाराला. पोलादपूर महाडहून अकरा मैल, आणि तिथून पुढे डोंगर चढायचा. दोन्हीकडे एक माणूस असणे शक्य नव्हते. शेटला मी कारण सांगितले नाही. काही तरी नवा विषय आहे असेच तो समजला. पुढे त्याच्या घरची मंडळी सांगू लागली की आमच्या पाळण्याने गवळी सुटला, आणि शेटला सगळे आधीपासून माहीत होते. शेटला शुक्रवारपर्यंत काहीही माहीत नव्हते.

म्हणजे सोमवारी संध्याकाळी माझ्याजवळ सगळे होते. खटला मामलेदारांपुढे चालायचा होता, आणि त्यांची कचेरी आमच्या शाळेपासून पाच मिनिटांच्या वाटेवर. मी आत जायला हवे होते.

मंगळवारी मधल्या सुट्टीत कंपाउंडर शाळेत आला. डोळे तांबारलेले.

"मास्तर, तुम्ही नसाल खोडत तर मी मामलेदारांपुढे जाऊन सांगतो. खोटी सही केली म्हणून."

"सांग."

"ते वही मागतील."

"शुक्रवारी मी वही घेऊन येईन."

"आणि तोंडाने काय सांगाल?"

"विचारतील ते."

तो खरोखरच कचेरीत गेला. हे मी त्याच्या बाजूने लिहून ठेवतो: माझ्या आधी तो गेला. कारकुनाने त्याला शुक्रवारी साक्षीला ये म्हणून परत पाठवले. मी मंगळवारी, बुधवारी, गुरुवारी, जाताना एकदा आणि येताना एकदा, त्या कचेरीवरून पट्टी खिशात घेऊन गेलो. कोर्ट भरलेले असावे, मी पट्टी खिडकीशी धरावी, आणि तोवर कंपाउंडरने घाम गाळावा, असे मला वाटत होते. वाचनालयातली पंधरावीस माणसे मला आता पुरणार नव्हती.

शुक्रवारी कोर्टात उभे राहायला जागा नव्हती. गवळी कठड्यात एका पायावर भार देऊन उभा होता. रखवालदाराने पाहिले तेवढे सांगितले. मग कंपाउंडर उभा राहिला आणि फौजदारांनी वाचनालयातले कार्ड पुढे केले.

"हा वार कोणी सांगितला?"

"मी."

"मग त्या वेळी खोटं बोललात, की आता बोलताय?"

"त्या वेळी."

"आरोपी तुमचा कोण?"

"दूध घालतो आमच्या वाडीला."

लोक हसले. मामलेदारांनी मान वर केली तेव्हा थांबले. त्याचे म्हणणे टिकले नाही, हे सर्वांना दिसत होते. एवढ्यावर निकाल झाला असता तर गवळी आत गेला असता. समारंभातल्या वक्त्याने हा भाग सांगितला नाही.

मग मला बोलावले. मी वही टेबलावर ठेवली, आणि नळीतून पट्टी काढून खिडकीशी गेलो. साहेब, म्हटले, नोंद मंगळवारची आहे आणि नोंद खोटी आहे. ही फिल्म कापलेली नाही. यावर फोटो ज्या क्रमाने काढले त्याच क्रमाने आहेत, आणि तो क्रम कोणालाही बदलता येत नाही. पहिला शनिवारी सकाळच्या तपासणीचा. शाळेच्या दप्तरात त्याची तारीख आहे. तिसरा रविवारच्या बारशाचा. अर्धे गाव तिथे जेवले आहे. कुंडावरचा माणूस या दोहोंच्या मध्ये आहे.

फौजदार हुशार होते. "पट्टीला दोन टोकं असतात, मास्तर. पहिलं कोणतं हे कशावरून? उलटी धरली तर?"

"सुरुवातीचं टोक फिल्मच्या पाठच्या कागदाला डिंकाने चिकटवलेलं असतं. त्याचा डाग इथे आहे. दुसऱ्या टोकाला नाही."

मामलेदार उठून स्वतः खिडकीशी आले. पट्टी हातात घेऊन त्यांनी डाग पाहिला, मग एकेक चौकट मोजली. शेटला पुढे बोलावले. त्याने बारशाचा दिवस सांगितला आणि सवच्या सावलीची वेळही सांगितली. सांगताना तो माझ्याकडे अशा नजरेने पाहत होता की सोमवारचे नाटक त्याला आत्ता उमगल्याचे दिसत होते. रखवालदाराला विचारले तेव्हा तो प्रामाणिकपणे म्हणाला, "लांबनं बघितला, सायेब. तोंड नाय दिसला."

सगळे संपले असे वाटत असताना मामलेदार खुर्चीत बसले आणि वही उघडून म्हणाले, "मास्तर, ही नोंद खोटी आहे हे तुम्हाला कधी कळलं?"

हा प्रश्न फौजदारांनी विचारला नव्हता. पट्टी नीट तपासल्यावर, एवढे म्हणालो असतो तर ते सर्वस्वी खोटेही ठरले नसते. कंपाउंडर बाकाच्या टोकाशी बसला होता. त्याने मान वर केली.

"लिहिताना," मी म्हणालो.

"म्हणजे?"

"लिहीत होतो तेव्हाच, साहेब. पट्टी माझ्या खिशात होती."

"आणि हा मनुष्य कोठडीत आहे हे?"

"गेल्या रविवारी दुपारी."

"आज शुक्रवार आहे."

"होय."

ते टाक उचलून लिहू लागले. गवळ्याला सोडल्याचा हुकूम त्यांनी वाचला, आणि वही माझ्याकडे परत न देता कारकुनाच्या हाती दिली. ती मला पुन्हा मिळाली नाही. मी मागितलीही नाही. त्यानंतर आम्ही तिघे ओट्यावर कधी बसलो नाही. कंपाउंडरने मला त्या दिवशी कोर्टाच्या पायऱ्यांवर एवढेच विचारले, "रविवारीच सांगितलं असतंत तर?" आणि उत्तराची वाट न पाहता तो पुढे गेला.

आता माझ्या बाजूची जी एक गोष्ट सांगतात, तिच्याविषयी. माझे जुने विद्यार्थी सांगतात की सुटलेला गवळी बाहेर आला, आणि भर रस्त्यात माझ्या पाया पडला. ते आदराने सांगतात. पण तेही खोटे आहे. तो पाया पडला नाही. तो बाहेर आला, घोंगडी झटकून खांद्यावर घेतली, आणि लंगडत माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"मास्तर, ती पट्टी तुमच्या खिशात व्हती म्हनं?"

"हो."

"कवापास्नं?"

"तुला आत घालायच्या आधीपासून."

"मंग मी सवला व्हतो ते तुमाला म्हायत व्हतं."

"रविवारपासून. तू कोठडीत आहेस हे तेव्हा कळलं."

त्याने बोटांवर वार मोजले. रविवार, सोमवार, मंगळवार. पुढचे बोट त्याने धरून ठेवले.

"बुधवारी म्हस याली माजी. आडली व्हती. बायकूला एकटीला नाय जमलं." त्याच्या आवाजात राग नव्हता, तो मला एक बातमी सांगत होता. "रेडकू गेलं. म्हस हाय."

तो थोडा थांबला, मी काही बोलतो का ते पाहायला, आणि मग कंपाउंडरच्या मागोमाग मोटारस्टँडकडे गेला. माझी बाजू घेऊन जे बोलतात त्यांनी हेही सांगावे. नाही तर माझी बाजू घेऊ नये.